फॅमिली आहे का?

भंडारा जिल्ह्यात थंडी पडू लागली की घरे भरतात. दिवाळी आटोपते, धानाची कापणी उरकत येते आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाची जत्रा. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि घरात पाहुणे. सोयरिकी याच दिवसांत जुळतात, म्हणजे लग्नाच्या वयाची मुलेमुली दाखवण्याचाही हाच हंगाम. आम्ही दोघे एका घरात राहतो ही गोष्ट गावाने कधीचीच पचवली आहे. ‘दोघेही सडे, दोघेही मराठीचे, भाडं वाचवतात बिचारे’ असे तिचे स्पष्टीकरणही गावानेच तयार करून दिले आहे. पण मंडईच्या दिवसांत आमच्या या घरातही मावश्या, आत्या, चुलतभाऊ उतरतात आणि आमची एक खोली आपोआप दोन होते. एकाची गादी ओसरीवर जाते. बाहेर दहा अंशांच्या खाली उतरणारी थंडी, आणि आम्ही दोघे भिंतीच्या दोन बाजूंना.

म्हणून हिवाळ्यात दोन रात्री तरी जंगलात जाऊन राहायचे, असे आम्ही काही वर्षांपूर्वी ठरवले. यात प्रणयरम्य असे फार काही नाही. रजई एक असावी आणि दाराची कडी आतून लावता यावी, एवढीच मूळ अपेक्षा.

जंगल आम्हाला जवळचे आहे. नागझिरा आज गोंदिया जिल्ह्यात मोडते, पण 1 मे 1999 पर्यंत ते भंडाऱ्याचेच होते आणि आमच्या पिढीच्या तोंडी अजूनही तसेच आहे. शिवाय साकोलीच्या बाजूने आत जायचे पिटेझरीचे प्रवेशद्वार आजही आमच्याच जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला या जंगलाची ओळख पुस्तकांतून आधी होते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’, आणि शेजारच्या नवेगावबांधचे मारुती चितमपल्ली. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले तेव्हा आमच्या विभागात आम्ही मुलांना त्यांचे उतारे वाचून दाखवले. वाचताना जे जाणवले ते मुलांना सांगितले नाही. मराठीत पुरुष जंगलात जातो तो एकटा जातो. संसार मागे ठेवून, शहराला कंटाळून, थोडासा तपस्वी होऊन जातो. जंगलाला तो सखा म्हणेल, गुरू म्हणेल, पण सोबत कुणाला नेणार नाही. जोडीने जंगलात जाण्याचा वारसा आपल्याकडे वनवासाचा आहे, आणि तिथेही तिसरा माणूस पहाऱ्याला असतो.

आम्ही एम.ए.ला नागपुरात भेटलो. त्याला वीस वर्षे होत आली. 2006 साली सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ आली, ती आम्ही एकाच प्रतीतून आळीपाळीने वाचली होती. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ त्याआधी अभ्यासाच्या निमित्ताने वाचले होते, बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ नंतर. या लेखनाचे ऋण मोठे आहे. ‘आपल्यासारखे आणखी कुणी आहे’ हे आम्हाला प्रथम छापील अक्षरांनीच सांगितले. तरीही शिक्षक म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. तेंडुलकरांची मित्रा मरते. कुंडलकरांच्या कादंबरीतला प्रियकर भावाला आणि बहिणीला, दोघांनाही सोडून निघून जातो. शोकांतिका लिहिणे हा लेखकाचा अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वीस वर्षे एकत्र राहिलेल्या, एकमेकांच्या घोरण्यावरून आणि वीजबिलावरून भांडणाऱ्या दोन प्रौढ पुरुषांचे काय होते, हे वाचायला आम्हाला मराठीत फारसे कुठे मिळाले नाही. रजई कोण ओढून घेतो, हा प्रश्न साहित्यात यायला अजून अवकाश आहे.

पहिला बेत 2013 च्या डिसेंबरचा. त्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल फिरवला आणि कलम 377 आमच्या डोक्यावर पुन्हा आणून ठेवले. त्याच महिन्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानावर वाघांना संरक्षण मिळाल्याची बातमी आणि पहिल्या पानावर आमची. आम्ही बेत रद्द केला. खोलीत कुणी पोलीस येणार नव्हता, हे तेव्हाही कळत होते. पण भीतीला एवढा तर्क कळत नाही. 6 सप्टेंबर 2018 ला कलमाचा तो भाग गेला, तेव्हा त्या वर्षीच्या हिवाळ्यात प्रथम गेलो.

आणि तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. दोन पुरुषांना खोली मिळणे या देशात अत्यंत सोपे आहे. लग्न न झालेल्या मुलामुलीला जिथे आधार कार्डावरचे आडनाव तपासून परत पाठवतात, तिथे आम्हाला कुणी एक प्रश्न विचारत नाही. ‘दोघे सर पक्षी पाहायला आले’ एवढ्यावर काम भागते. एकदा एका ठिकाणी (नाव सांगत नाही, माणूस भला होता) व्यवस्थापकाने आमच्या सोयीसाठी धावतपळत जोडपलंग सोडवून दोन खाटा केल्या आणि मध्ये चांगली हातभर जागा ठेवली. आम्ही त्याचे आभार मानले. रात्री खाटा सरकवल्या, पहाटे पाच वाजता पुन्हा जागेवर नेल्या. चाळिशीतल्या माणसांनी थंडीत खाटा ओढाव्यात, तेही आवाज न करता, हा व्यायाम ज्याने केला आहे त्यालाच तो ठाऊक. तेव्हा हसू आले होते. पुढच्या वर्षी आले नाही. आमची सोय ही आमच्या न दिसण्याची मजुरी होती, आणि ती आम्ही दर हिवाळ्यात मुकाट घेत होतो.

यंदा बेतात एक बदल झाला. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून शेवटी स्वतःविषयी सांगितले आणि मग, ‘सर, तुमचं आम्हाला वर्गात असतानाच माहीत होतं,’ असेही सांगितले. आम्ही इतकी वर्षे जपलेले गुपित शेवटच्या बाकावर चर्चेत होते म्हणायचे! आता त्याचा एक जोडीदार आहे. दोघांना जंगल पाहायचे आहे आणि आमच्याबरोबर पाहायचे आहे. जानेवारीतल्या दोन रात्री, दोन खोल्या, चौघांत एक जिप्सी. महाराष्ट्र एक्स्प्रेसने ते भंडारा रोडला, म्हणजे वरठीला उतरतील, तिथून आम्ही त्यांना घेऊ. वाटेत साकोलीत नाश्ता. सोबत काय आणायचे याची यादी आम्ही मास्तरांच्या सवयीने लिहूनच पाठवली: कानटोपी, हातमोजे, प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र. पहाटेच्या उघड्या गाडीतला वारा पुण्याच्या थंडीसारखा नसतो. अभयारण्यात शेकोटी चालत नाही, मोबाइलची भिस्त ठेवू नये. सहाच्या आत अंधार पडतो आणि त्यानंतर करण्यासारखे काही नसते. या शेवटच्या वाक्यावर पुण्याहून एक हसरा चेहरा आला.

अडचण फोनवर आली. आम्ही जागा धरायला फोन केला, माणसे चार सांगितली. पलीकडून पहिला प्रश्न: ‘फॅमिली आहे का?’

महाराष्ट्रात ‘फॅमिली’ या शब्दाचा अर्थ कुटुंब असा नाही, हे भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावे. फॅमिली म्हणजे सोबत बाई. ती असली की हॉटेलात वेगळा पडद्याचा कक्ष, बसमध्ये पुढची जागा, भाड्याचे घर. ती नसली की ‘नुसते जेंट्स’, आणि नुसते जेंट्स म्हणजे दारू, मटण आणि मध्यरात्रीचा धिंगाणा. दोन पुरुष होते तोवर आम्ही पक्षीनिरीक्षक होतो. चार झालो आणि पार्टी ठरलो. ‘जेंट्स पार्टी आम्ही घेत नाही, सर. मागच्या वेळी बाटल्या जंगलात फेकल्या लोकांनी.’ त्या माणसाचे काहीच चुकत नव्हते.

आम्ही ‘नंतर कळवतो’ म्हणून फोन ठेवला आणि घरात दोन दिवस वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, प्राध्यापक आहोत असे सांगावे, कॉलेजचे नाव घ्यावे, काम होईल. दुसऱ्याचे म्हणणे, खरे सांगावे. पहिला म्हणाला, जिल्हा लहान आहे. साकोलीत बोललेले लाखनीमार्गे भंडाऱ्याला पोचायला एक दिवस पुरतो, आणि आपल्याला अजून पंधरा वर्षे नोकरी करायची आहे. दुसरा म्हणाला, पोरे पुण्याहून येत आहेत, आपल्याला पाहायला येत आहेत. वाघ त्यांना ताडोब्यातही दिसेल. त्यांना आपण खाटा ओढायला शिकवायचे का? यावर पहिल्याकडे उत्तर नव्हते. पण उत्तर नसणे म्हणजे पटणे नव्हे.

आम्हाला त्या दोन दिवसांत शब्द सापडत नव्हता, हेही खरे. फोनवर सांगायचे काय? ‘समलिंगी’ हा शब्द वर्तमानपत्राचा. तो उच्चारला की माणूस बातमी होतो. ‘गे’ हा आमच्या तोंडात अजून पाहुण्यासारखा अवघडून बसतो. ‘मित्र’ तर आम्ही वीस वर्षे वापरून झिजवला. शेजारच्या छत्तीसगडात मितान बदण्याची रीत आहे. दोन पुरुष विधिपूर्वक मितान होतात, मग घरेही एकमेकांची सोयरी होतात आणि ते नाते जन्मभर पाळतात. त्याचा अर्थ आमच्या नात्याचा नव्हे, तो तसा काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरी गावासमोर, साक्षीने, दोन पुरुषांच्या नात्याला एक नाव देता येते, एवढे शंभर कोसांवरच्या लोकांना सुचले याचा हेवा वाटतो. कायद्याने नाव द्यायला नकार दिला आहेच, 17 ऑक्टोबर 2023 ला. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्राने जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खाते उघडायला हरकत नसल्याचा खुलासा केला. ते खाते आमचे आधीपासून आहे. बँकेलाही आम्ही भाडे वाचवणारे मास्तरच वाटलो असणार.

शेवटी शब्द मिळाला तो जुनाच. मराठीत ‘जोडपे’ नपुंसकलिंगी आहे. त्यात कोण पुरुष, कोण स्त्री, हे व्याकरण विचारत नाही. हे आमच्यापैकी पहिल्यालाच सुचले, व्याकरण तो शिकवतो. आणि सुचल्यावर, काही न बोलता, फोनही त्यानेच लावला.

‘आपण परवा बोललो होतो. फॅमिली म्हणता येईल की नाही ठाऊक नाही, पण आम्ही दोन जोडपी आहोत. चौघेही पुरुष.’

पलीकडे शांतता. मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग, ‘मालकांना विचारून सांगतो.’

तो दिवस वाईट गेला. संध्याकाळपर्यंत फोन नाही. पहिला चिडून म्हणाला, आता त्या रस्त्याने जायचीही सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी तिसरा तास घेऊन वर्गाबाहेर आला तेव्हा फोन येऊन गेलेला होता. त्याने उलट लावला.

‘सर, दोन रूम देतो. मालक म्हनले आपल्याले काय करायचं आहे. पन पिऊन गोंधळ नको.’

‘आम्ही घेत नाही,’ पहिला म्हणाला. हे पूर्ण खरे नव्हते.

‘आनि ब्लँकेट जास्ती लागतील का? रात्री लय गार होते.’

‘दोन द्या. खोलीला एकेक पुरेल.’

हे वाक्य त्याने कॉलेजच्या व्हरांड्यात, कार्यालयाच्या दारापासून दहा पावलांवर उच्चारले. घरी येऊन सांगितले तेव्हा आम्ही दोघेही जरा वेळ गप्प होतो. मग दुसऱ्याने विचारले की एकेक पुरणार कसे, तू तर सगळे ओढून घेतोस. आणि पुन्हा फोन करून आणखी दोन मागवावेत की घरची गोधडी न्यावी, यावर पुढचा अर्धा तास गेला. गोधडी न्यायची ठरली.

जेवणाचे सांगून ठेवले आहे. चिन्नोरचा भात, वालाच्या शेंगांची भाजी, वांग्याचे भरीत, मिळाले तर तलावातले झिंगे. पुण्याच्या पोरांपैकी एक शाकाहारी निघाला, त्याचे वेगळे. परतताना वेळ उरला तर एखाद्या गावी रात्रीचे झाडीपट्टीचे नाटक दाखवायचे आहे. तिकिटाच्या रांगेत आमचे विद्यार्थी भेटतील, हे ठाऊक आहे. त्यावर अजून चर्चा झालेली नाही.

रजेचे अर्ज मात्र भरून झाले. आमची महाविद्यालये वेगळी, त्यामुळे एकाच दिवशी दोन अर्ज कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. कारणाच्या रकान्यात दोघांनीही दरवर्षीप्रमाणे ‘खाजगी काम’ लिहिले आहे.