नळाच्या उलट दिशेनं, थेट पैठणपर्यंत

छत्रपती संभाजीनगरला जाणारा पाहुणा वेरूळ-अजिंठा करतो, बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढतो, नान-खलियावर ताव मारतो आणि परत फिरतो. पण मंडळी, एकदा इथे जॉब करणाऱ्या मित्राकडे मुक्काम टाकून बघा. त्याच्या फ्रीजवर पिझ्झाच्या मेन्यूशेजारी पाणी येण्याचे वार लिहिलेले असतात. शनिवारचा सिनेमा, रविवारची पार्टी, गावची ट्रिप, सगळं त्या वारांना विचारून ठरतं. काही भागांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं या शहरानं पाहिलंय. मग टँकर, जार आणि गच्चीवर जास्तीची टाकी.

तर या वेळी वेगळी राईड करू. नळ सोडला की पाणी जिथून येतं, तिथपर्यंत जायचं. अंतर पन्नासेक किलोमीटर, रस्ता पैठणचा. सकाळी लवकर निघा. उन्हाळा टाळा.

पहिला थांबा शहरातच, पाणचक्की. १६१० च्या सुमारास मलिक अंबरनं खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. शहर वसवणाऱ्यानं पाण्याचाही विचार केला. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी त्याची नहर-ए-अंबरी म्हणजे त्या काळचा मेगा प्रोजेक्टच. पाणचक्कीची नहर नंतरची, अठराव्या शतकातली. मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून कोसळतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी इथे पीठ दळलं जायचं. ना पंप, ना वीजबिल. पाणी उतारानं येत होतं, एवढाच फंडा!

आता गाडी पैठण रोडला काढा. शहर संपता संपता नक्षत्रवाडीची टेकडी लागते. इथे गणित उलटं होतं. जायकवाडी धरण पूर्ण भरलं तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे साधारण ४६४ मीटर. शहर त्याहून शंभरेक मीटर वर. म्हणजे तुमच्या शॉवरचं पाणी तीस मजली बिल्डिंग चढून आलेलं असतं. पंप बंद, तर शहर बंद. १९७० च्या दशकातली ७०० मिलिमीटरची जुनी जलवाहिनी फुटली की अख्ख्या शहराचं वेळापत्रक कोलमडायचं, ते यामुळेच.

नव्या योजनेत याच नक्षत्रवाडीला रोज ३९.२ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याचं केंद्र आणि धरणापासून इथपर्यंत अडीच मीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटर लांबीची जलवाहिनी आहे. अडीच मीटर म्हणजे किती? आत उभं राहून हात वर केला तरी छताला टेकणार नाही असा पाइप.

पुढे चितेगाव, फारोळा, बिडकीन. फारोळ्याला जुनं जलशुद्धीकरण केंद्र आहे. इथे टपरीवर चहा घ्या आणि खर्चाचा हिशेब ऐका, कारण या रस्त्यानं पाण्यापेक्षा जास्त आकडे वाहिलेत.

पहिला आकडा ३५९ कोटींचा. समांतर जलवाहिनीसाठी केंद्राच्या योजनेत मंजूर झालेला. मग खासगी भागीदारीचं वारं आलं आणि योजना झाली ७९२ कोटींची. करार २०११ मध्ये, कंपनीच्या हाती कारभार २०१४ मध्ये, आणि २०१६ मध्ये महापालिकेनं करारच रद्द केला. पाच वर्षं गेली, नळ होता तिथेच. २०१९ मध्ये राज्य सरकारनं १,६८० कोटींची नवी योजना मंजूर केली. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. मुदत होती तीन वर्षांची. मुदत संपण्याआधीच आकडा २,७४० कोटींवर गेला आणि योजना केंद्राच्या अमृत २.० मध्ये गेली. तहान भागेना म्हणून मधल्या काळात ९०० मिलिमीटरची आणखी एक जलवाहिनी टाकावी लागली. कामाचा आढावा हायकोर्टाचं खंडपीठ घेऊ लागलं, आणि २०२५ मध्येही कोर्टात तारखा पडतच होत्या.

कोटी म्हटलं की आपलं डोकं बधिर होतं. म्हणून हा हिशेब आपल्या पगाराच्या भाषेत करू. १,६८० चे २,७४० झाले, म्हणजे वाढ १,०६० कोटींची. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख. माणशी वाढ नऊ हजार रुपये. एकूण खर्चातला महापालिकेचा ३० टक्के वाटा ८२२ कोटींचा, म्हणजे माणशी सात हजार. चौघांच्या घराला अठ्ठावीस हजार. शिवाय पाणी येईपर्यंत टँकर आणि जारचे पैसे वेगळे, त्याची पावती कुठल्याच बजेटमध्ये नसते. वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपये होती. २०२२ मध्ये ती निम्मी करून २,०२५ केली तेव्हा लोक खूश झाले. पण बॉस, स्वस्त पाणी आणि न येणारं पाणी यात खरं महाग कुठलं?

ढोरकीन मागे टाकलं की पैठण. आणि मग अचानक समोर समुद्रच! नाथसागर. एकनाथ महाराजांच्या गावातल्या जलाशयाला दुसरं नाव काय असणार? १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे, १०२ टीएमसी साठवण. हिवाळ्यात आलात तर फ्लेमिंगोही दिसतील.

एवढं पाणी बघून खऱ्या समुद्राकाठची शहरं आठवतात. चेन्नईनं नेम्मेलीला रोज १५ कोटी लिटर खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. पायाभरणी जून २०१९, उद्घाटन फेब्रुवारी २०२४, खर्च सुमारे १,५१६ कोटी. मध्ये कोरोना त्यांनाही आडवा आला होता. तुलना तंतोतंत नाही, कारण आपल्या योजनेत लांबलचक जलवाहिनी, शहरभरच्या टाक्या आणि गल्लोगल्लीचे पाइपही आहेत. पण विजेचं बघा. समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट लागतात. तेच पाणी शंभर मीटर चढवायला, पंपाची आणि पाइपातली घट सोडली तर, पाव युनिटाहून थोडी जास्त वीज पुरते. म्हणजे संभाजीनगरचं पाणी गोडं आहे, जवळ आहे, तुलनेनं स्वस्तही आहे. महाग पडलाय तो वेळ.

परतताना नाथांच्या समाधीला जा, पैठणीचे माग बघा. विणकर साडीची किंमत सांगतो तेव्हा ती किती दिवसांत होईल तेही सांगतो. आपल्या शहरात नव्या योजनेचा नारळ फुटेल, तेव्हा आपणही दोन्ही विचारू या. किती कोटी, हे पेपरात छापून येतंच. कधीपर्यंत, आणि उशीर झाला तर वरचे पैसे कोण भरणार, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.