इंजिनाच्या उदरातील फरारी

हरवलेली वस्तू सामान्यतः आपल्यापाशी नसल्यामुळे माणसाला छळते. परंतु मोटारीची दुरुस्ती चालू असता हातून निसटून इंजिनात पडलेली वस्तू छळते ती आपल्यापाशी असल्यामुळे, आणि म्हणूनच तिच्या जागी बाजारातून नवी आणून बसवली तरी प्रकरण निकालात निघत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून मुंबईत टॅक्सी म्हणून हयात घालवलेली फियाट ११०० घ्या. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात आठ व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाच्या दांड्याला स्प्रिंगच्या टोपीत आवळून धरणारे, करंगळीच्या नखाएवढे दोन लॉक. स्प्रिंग दाबून ते काढताना हत्यार किंचित घसरले, की स्प्रिंगच्या उसळीसरशी एखादा लॉक उडतो, पुशरॉडच्या भोकात शिरतो आणि कॅमशाफ्टच्या अंधाऱ्या मुलखात बेपत्ता होतो. भोकांत आधी चिंध्या कोंबाव्यात हे प्रत्येक मेस्त्री जाणतो, पोऱ्याला बजावतोही, आणि घाईच्या दिवशी स्वतःच विसरतो.

कसबाची खरी पारख होते ती यानंतर. कच्चा गडी तत्काळ झडती सुरू करतो. जाणता मेस्त्री मात्र प्रथम हात मागे घेतो, बॅटरीची तार सोडतो आणि हँडलला कोणी शिवायचे नाही असा हुकूम फर्मावतो. कारण हेड न उतरवता काम चालले असेल, तर मोकळा झालेला व्हॉल्व्ह केवळ वर आणून ठेवलेल्या पिस्टनच्या आधारावर अडून असतो, आणि क्रँक फिरला तर तोही सिलिंडरात उतरून एका फरारीचे दोन फरारी व्हायचे. काही न करण्याचे हे कौशल्य कोणत्याही पान्यापेक्षा दुर्मीळ आहे, असे मला वाटते.

मग लवचीक दांडीचा चुंबक आत सोडला जातो. हेड ॲल्युमिनियमचे; ते चुंबकाला ओळखही दाखवीत नाही. परंतु खालचा ब्लॉक बिडाचा, आणि बीड लागताच चुंबक भिंतीभिंतीशी अशी लगट करू लागतो की, ज्याच्यासाठी त्याला धाडले त्या पोलादी तुकड्याचे त्याला विस्मरणच पडावे. तेवढ्यात कोणी अनुभवी ड्रायव्हर सल्ला देतो, की लॉक तळाच्या ऑईल चेंबरात पोहोचला असेल तर खुशाल पडून राहू द्यावा, ऑईल पंपाच्या तोंडाला जाळी आहेच. या युक्तिवादात तथ्य आहे. पण तो चेंबरात पोहोचला की वाटेतच टॅपेटपाशी दबा धरून बसला, याचा दाखला कोण देणार? माझा कौल चेंबर उघडण्याच्या बाजूने. काळे ऑईल परातीत उतरते, बोल्ट सुटतात, जुने पॅकिंग फाटते, आणि तळाच्या गाळात बोटे फिरवता फिरवता मुद्देमाल हाती लागतो. कधीकधी सोबत एक झिजका वायसरही, ज्याची फिर्याद पूर्वीच्या कोण्या मेस्त्रीने कधी केलीच नव्हती.