स्वर कुठे तुटतो

वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा की-बोर्डवाल्याचा डावा हात. आयोजकाचं बजेट आधीच ठरलेलं असतं. दोन गायक, ऑक्टोपॅड, ढोलक, की-बोर्ड, फारच झालं तर लीड गिटार. कात्री लागायची वेळ आली की पहिला नंबर बेसचा. आणि कार्यक्रम संपल्यावर जो तो साउंडवाल्याला सांगत असतो, ‘बेस वाढवाचा होता नं भाऊ.’ या मंडळींना हवा असतो तो छातीत बसणारा धक्का. तो कोणत्या स्वराचा होता, किती वेळ टिकला, यावरून कुणाचं काही अडत नाही. माझं अडतं. अमरावती-अकोल्याच्या कार्यक्रमांत बेस वाजवणं आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवणं हा माझा धंदा. त्याच्या आडून एक तिसरंच काम कायम चालू असतं. आवडत्या रॉक आणि फ्यूजन रेकॉर्डिंगमधल्या बेसच्या ओळी ऐकायच्या आणि वहीत उतरवायच्या.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर चार तारांच्या बेसच्या मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, सगळ्यात बारीक 98 वेळा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 41 चं कंपन बाहेर पडतच नाही. तरी स्वर कळतो, कारण त्याच तारेतून 82, 123, 164 अशी वरची कंपनंही निघत असतात. ती कानावर पडली की मेंदू खालचा स्वर आपल्या पदरचा घालून हिशेब पुरा करतो. म्हणून नवा मुलगा मोबाइलवर ऐकून ओळ लिहितो तेव्हा स्वर बरोबर असतो, सप्तक मात्र चुकतं. यावर जुना उपाय आहे. ओळ एक सप्तक वर उचलायची. स्पूल टेपच्या काळात टेप दुप्पट वेगाने पळवली की हे आपोआप व्हायचं, फक्त गाणंही अर्ध्या वेळात संपायचं. आता संगणकावर वेग तोच ठेवून स्वर वर नेता येतो. बेस एकदा गायकाच्या पट्टीत येऊन बसला की त्याच्या हरकती लपत नाहीत.

गाडीत हे काम होत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण मुलं हटकून गाडीतच ऐकतात. टायरची घरघर आणि बेस एकाच पट्ट्यात राहतात. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्याआधीच्या रस्त्यावर मूर्तिजापूरपर्यंत बेस सोडाच, शेजारी बसलेल्याचं बोलणंही धड कळत नसे. रस्ता गुळगुळीत झाला तशी घरघर कमी झाली, पण गेली नाही. बडनेऱ्याहून रेल्वेने गेलं तरी तीच कथा. हेडफोन लावून घरात, पंखा बंद करून बसावं लागतं. आमच्याकडच्या मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

सुरुवातीला मी मुलांना पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ देतो. 1973 च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधलं. नाण्यांच्या खणखणाटानंतर रॉजर वॉटर्सचा बेस सुरू होतो. सात मात्रांचं आवर्तन, पांढरी सातचा सा धरला तर सा, कोमल ग, प आणि कोमल नि एवढेच स्वर. तबला शिकलेला मुलगा लगेच रूपक म्हणतो आणि तीन-दोन-दोन मोजायला लागतो. तसं ते बसत नाही, वजन वेगळ्या जागी पडतं. मग गिटारच्या सोलोला गाणं सरळ चार मात्रांत शिरतं, तिथे त्याची खरी तारांबळ उडते. पण एकंदरीत हे सोपं काम. बेस एकटाच समोर उभा असतो, त्याला कुणी झाकत नाही. गन्स एन रोझेसचं काही लिहायला घेतलं तर मोकळी तार जुळत नाही म्हणून मुलं कावतात. ती मंडळी सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवायची, त्यामुळे त्यांची जाड तार येते काळी दोनला. आपल्याकडे निम्मे गायक काळ्या पट्ट्यांतच गातात, त्यामुळे मला हे गैरसोयीचं कधी वाटलं नाही.

स्वर ओळखणं हा या कामातला सोपा भाग. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ घ्या, 1972 च्या ‘मशीन हेड’मधलं. गिटारची ती जगप्रसिद्ध सुरावट कुणालाही येते. रॉजर ग्लोव्हरचा बेस मात्र बराच वेळ पांढरी पाच धरून बसतो, एका मात्रेत दोन ठोके. लिहायला अर्धं मिनिटही नको. एका मुलाने लिहून आणलं, वाजवूनही दाखवलं, आणि खोलीत नुसता गुंगाट झाला. मला म्हणाला, ‘सर, सूर तं बराबर हाये, मंग जमून काहून नाही राहिलं?’ मी त्याचा उजवा हात बघत होतो. पहिलं बोट आणि मधलं बोट आळीपाळीने तारेवर पडत होतं, पण प्रत्येक बोट वरून येऊन तार ओढून निघून जायचं. जमलेल्या हाताचं बोट ठोका द्यायच्या आधी क्षणभर तारेवर टेकतं. टेकलं की आधीचा स्वर तिथेच मरतो. मग ठोका. या टेकण्यामुळे दोन स्वरांच्या मध्ये केसाएवढी फट पडते आणि त्या फटीतून ड्रमचा स्नेअर ऐकू येतो. मुलाच्या कागदावर ती फट कुठेच नव्हती, म्हणून हातातही नव्हती.

माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. बेसची ओळ लिहायची म्हणजे स्वर कुठे सुरू होतो यापेक्षा तो कुठे तुटतो ते लिहायचं. हे ज्याला ऐकू येत नाही त्याने शंभर गाणी उतरवली तरी ती स्वरांची यादी होते.

या बाबतीत गुरू मानावा असा माणूस रॉकवाला नव्हे, डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या स्टुडिओतला जेम्स जेमर्सन. तो एकाच बोटाने, तर्जनीने, तार छेडायचा. तारा गुळगुळीत वेटोळ्याच्या आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या, घोडीपाशी खाली स्पंजचा तुकडा. त्यामुळे स्वर आला की लगेच विझायचा. पॉल मकार्टनीसारख्यांनी याच्याकडून घेतलं. 1971 च्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्याचं नाव तबकडीवर छापायचीही पद्धत नव्हती. 1983 मध्ये तो गेला. पुढे 1989 मध्ये ॲलन स्लटस्की नावाच्या गिटारवाल्याने ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’ हे पुस्तक काढलं, त्यात जेमर्सनच्या ओळी स्टाफ नोटेशनमध्ये उतरवल्या आहेत. मुख्य स्वरांच्या मधे जे मुके ठोके पडतात, ज्यांना सूर नसतो, नुसता ‘टक्’ असतो, त्यांच्या जागी फुलीची खूण. अशी फुली कुठे टाकायची हे ठरवायला एकेका ओळीवर संध्याकाळ जाते. आणि ती गाळली तर जेमर्सनच गळतो.

लिपीचा प्रश्न इथे येतो. माझी वही दुहेरी आहे, आणि बघणारे हसतात. सहा भागांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत भातखंड्यांनी बंदिशी ज्या स्वरलिपीत दिल्या, ती आमच्याकडे संगीत विशारद करणाऱ्या प्रत्येकाला येते. तिच्यात आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवा. गळ्याला ते पुरतं. बेसला पुरत नाही, कारण अर्ध्या मात्रेवर स्वर मारून उरलेली अर्धी मात्रा रिकामी सोडायची असते. म्हणून जेमर्सन, ग्लोव्हर, लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स असे लोक मी पाच रेघांवर लिहितो. तिथे विरामाला हक्काची चिन्हं आहेत. इंटरनेटवर फुकट मिळणारे टॅब मी वर्गात आणू देत नाही. कोणत्या तारेवर कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचं एवढंच त्यांत असतं, किती वेळ ठेवायचं याचा पत्ता नसतो. शिवाय बोटाची जागाही बऱ्याचदा चुकीची. पांढरी सहा मोकळ्या तारेवर मिळते तशी जाड तारेच्या पाचव्या पडद्यावरही मिळते. एक स्वच्छ वाजते, दुसरी घट्ट आणि ठसठशीत. कान लावला तर रेकॉर्डिंगमधला माणूस कुठे वाजवतोय ते कळतं, आणि तो तिथे का गेला तेही बऱ्याचदा पुढच्या स्वरावरून उमगतं.

जॅको पॅस्टोरियस आला की मात्र मी पाच रेघा सोडून सरळ सारेगमवर येतो. जॅकोने 1962 सालच्या फेंडर जॅझ बेसचे पडदे उपटले, खाचा भरल्या आणि वरून होडीला लावतात ते इपॉक्सी चढवलं. पडदेच नाहीत म्हटल्यावर मींड आली. 1976 च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं ‘कंटिन्यूअम’ ऐका. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो, पोचल्यावर हलकं आंदोलन देतो. स्टाफ नोटेशनमध्ये यासाठी एक तिरकी रेघ मारतात, आणि ती रेघ वाट कशी चालायची ते काही सांगत नाही. आपल्या लिपीत मींडेची कमान आहे, माथ्यावर लहान अक्षरात कणस्वर आहे. विशारदच्या पुस्तकात हे बागेश्रीसाठी शिकलो होतो, फ्लोरिडाच्या माणसाला ते असं लागू पडेल हे शिकवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. 1977 च्या ‘हेवी वेदर’मधलं ‘टीन टाऊन’ मात्र पुन्हा पाच रेघांवरच. तिथे एका मात्रेत चार-चार स्वरांचा सडा आहे, आणि त्या गाण्यात ड्रमही जॅकोच वाजवतो. दोन्ही हात एकाच माणसाचे असल्याने स्वर तोडायची जागा आणि ठोक्याची जागा इतकी जुळते की वेगळं काढणं मुश्कील. वेग अर्धा करून ऐकलं तर स्वर हाती लागतात, पण ठोक्याची कड पसरट होते. म्हणून स्वरांसाठी संथ आणि तोडण्यासाठी मूळ वेगात, असं दोनदा बसावं लागतं.

आता मुलं म्हणतात, ‘सर, मशीन सारं वेगळं करून देते, कायले लिवाचं?’ खरंच देते. 2019 मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर नावाचा प्रोग्राम मोकळा केला, त्याच सुमारास फेसबुकच्या संशोधकांचा डेमक्स आला. गाणं टाकलं की गळा, ड्रम, बेस, बाकी अशा चार वाटण्या करून हातात. मीही वापरतो, ढोंग कशाला. घट्ट मिक्समध्ये दबलेला स्वर त्यातून सुटा होतो. पण मोठ्या ड्रमचा ठोका आणि बेस एकाच घरात नांदतात, त्यांची वाटणी करताना मशीन नेमकं स्वराचं शेपूट कुरतडतं. म्हणजे मला जे हवं तेच खातं. स्वर कोणता ते मशीनला विचारावं, तुटतो कुठे ते मूळ रेकॉर्डिंगला.

काही रेकॉर्डिंग तर मशीनलाही दाद देत नाहीत. मेटॅलिकाचा 1988 चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. 1986 मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन गेला आणि त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि मिक्स करताना बेस इतका खाली दाबला की जवळजवळ नाहीच. इंजिनिअरिंगला गेलेली आमची पोरं हा अल्बम तोंडपाठ म्हणतात, बेसची ओळ विचारली की एकमेकांकडे बघतात. न्यूस्टेड बराचसा हेटफिल्डच्या गिटारच्या मागोमाग जातो, म्हणून गिटारवरून अंदाज बांधता येतो. तसा बांधलेला भाग मी पेन्सिलने लिहितो, ऐकलेला शाईने. त्या अल्बमची पानं बहुतांश पेन्सिलची आहेत.

या कामाचा पोटापाण्याशी संबंध काय, असं घरी विचारतात. आहे. कार्यक्रमात शेवटी आर. डी. बर्मनच वाजवायचा असतो, आणि त्यांच्याकडचा टोनी वाझचा बेस जेमर्सनच्याच शाळेतला नसला तरी तितकाच हिशेबी आहे. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत हे सगळं कागदावर होतं. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेली माणसं, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, वादकांसमोर लिहिलेलं पान ठेवायची. त्या पानांतली फार थोडी आज कुणाच्या हाती लागतात. त्यामुळे गणपतीत अमरावतीच्या राजकमल चौकात जे वाजतं ते कानानेच पुन्हा लिहावं लागतं. जॅकोवर घासलेला कान तिथे कामी येतो.

सध्या वहीत भलतंच चाललंय. 1976 मध्ये आलेलं शक्ती या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग, ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’. मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम, झाकीर हुसेनचा तबला. बेस गिटार नाहीच. त्याआधी पाच वर्षं, 1971 च्या महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या पहिल्या अल्बममध्ये मॅक्लॉफ्लिनकडे रिक लेअर्डसारखा बेसवाला होता, आणि इथे त्याने ती खुर्चीच काढून टाकली. खालचं बरंचसं राज्य डग्ग्याकडे. म्हणून मी डग्गा बेसच्या ओळीसारखा लिहायला घेतलाय, मनगट दाबून काढलेल्या घसिटीला कमान, थापेला फुली. आमच्या अकोल्याच्या तबलेवाल्याला दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा चक्रावला, मग चिडला. एका जागी घिस्सा तिसऱ्या मात्रेवर तुटतो असं मी लिहिलंय, तिथे विराम घातलाय. तो म्हणतो, ‘तुटत नाही भाऊ, हाताखाली चालूच हाये, तुले ऐकू नाही येऊन राहिलं.’ हेडफोन त्याला देऊन आम्ही तेवढाच तुकडा परत परत लावतो. विराम अजून मी पेन्सिलनेच ठेवलाय.