मालगुंडचे केशवसुतांचे घर

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, गणपतीपुळ्याच्या उत्तरेला अगदी लागून. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली या गावातल्या ज्या घरात झाला, ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. गणपतीपुळ्याला वर्षभर माणसांची रीघ असते. त्यांतले थोडेच मालगुंडापर्यंत येतात, आणि येतात त्यांतलेही बरेच जण वाटेवरचे आणखी एक ठिकाण म्हणून डोकावून जातात. या घराला याहून जास्त वेळ द्यायला हवा.

येण्याचे मार्ग दोन. मुंबई-गोवा महामार्गावरून येणारे निवळी फाट्याला वळून जाकादेवी, चाफे करत गणपतीपुळे गाठतात. रत्नागिरीहून निघणाऱ्यांसाठी आरे-वारेचा किनारी रस्ता आहे; आम्ही तोच धरला. शिरगाव मागे पडले की रस्ता समुद्राला भिडतो, खाडीवरचा पूल ओलांडतो आणि डोंगराच्या कडेने वर चढतो. वरून दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. पुढे नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे आणि मग मालगुंड. सुरूची बने, आंब्याची कलमे, जांभ्याचे गडगे आणि माडांच्या सावलीतली घरे असा हा सगळा पट्टा आहे. स्मारक गावातच, वस्तीला धरून आहे, त्यामुळे एका घरून दुसऱ्या घरी गेल्यासारखेच तिथे पोचायला होते.

मूळ घर बसके, कौलारू आहे. कोकणातल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाचे दीडशे वर्षांपूर्वीचे घर जसे असे, तसेच: समोर ओटी, आत माजघर, त्याला लागून खोल्या, मागे परसू. दार बुटके, त्यामुळे उंच माणसाला वाकूनच आत जावे लागते. बाहेरच्या लख्ख उन्हातून माजघरात पाऊल टाकले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू लाकडी खांब, कोनाडे, जुन्या वापरातली भांडीकुंडी उमटू लागतात. जमीन शेणाने सारवलेली. जवळून पाहिले तर सारवणाऱ्या हाताचे अर्धगोल फराटे एकावर एक चढलेले स्पष्ट दिसतात, आणि भिंतीच्या कडेला जिथे हात वळवावा लागतो तिथे ते आखूड होतात. काचेच्या पेटीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मला या फराट्यांचे मोल अधिक वाटले, कारण हे घर कोणी तरी अजून नित्याने सांभाळते आहे याचा तो थेट पुरावा आहे.

मातीचे घर नुसते कुलूप लावून टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या पावसाला उत्तर म्हणून कोकणातल्या घराचे छप्पर उतरते आणि पुढे काढलेले असते, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. तरीही दरसाल पावसाआधी कौले परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात. एक कौल सरकलेले राहिले तर पाणी वाशात मुरते, वासा कुजतो आणि दोन-चार वर्षांत छप्पर खाली येते. राहत्या घरात चुलीचा धूर वाशांपर्यंत पोचत असे आणि वाळवी, भुंगे यांना दूर ठेवत असे. स्मारक झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिथे देखरेख उलट जास्त लागते. कोकणात मुंबईकरांची कितीतरी बंद घरे केवळ एवढ्यासाठी कोसळली. दामल्यांचे घर उभे आहे ते त्याची काळजी घेणारी संस्था मिळाली म्हणून.

या घरात केशवसुतांचे आयुष्य मात्र फार थोडे गेले. वडील केशव विठ्ठल दामले शिक्षक होते. मुलाचे शिक्षण खेड, बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे असे फिरत फिरत झाले. नागपूरला रेव्हरंड टिळकांची ओळख झाली, पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांच्या विचारांचे वारे लागले. पुढे मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड अशी शिक्षकाची नोकरी, तुटपुंजा पगार आणि सतत बदलते बिऱ्हाड. ‘तुतारी’ १८९३ साली मुंबईत लिहिली गेली, ‘आम्ही कोण?’ १९०१ साली फैजपूरला. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने त्यांचे निधन झाले. वय चाळिशीच्या आतच होते. पाठोपाठ पत्नीही गेली. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या. त्या हरि नारायण आपटे यांनी गोळा करून पुस्तकरूपाने छापल्या. मराठी कवितेचे वळण बदलणाऱ्या या कवीच्या उण्यापुऱ्या दीडशे कविताही उपलब्ध नाहीत.

मग या घराचा त्या कवितेशी संबंध काय? माझ्या मते तो दुहेरी आहे. ‘तुतारी’तला जुने जाळून टाका म्हणणारा आवाज कुठल्या जुन्यातून उठला, हे या ओटी-माजघराच्या आखीव मांडणीत उभे राहिले की समजते: कोणी कुठवर यायचे, कोणी कुठे बसायचे, हे सारे इथे भिंतींनीच ठरवून दिलेले होते. आणि दुसरे म्हणजे ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’सारख्या कवितेत त्यांनी दूर राहून कोकणची जी ओढ व्यक्त केली, तिचा हा पत्ता आहे. बंड आणि ओढ दोन्ही एकाच माणसात होती, आणि त्यातली ओढ आपल्या शालेय पुस्तकांनी फारशी दाखवली नाही.

या घराचा आणखी एक मानकरी विसरला जातो. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ लिहिला. तो १९११ साली प्रसिद्ध झाला आणि आजही मराठी व्याकरणाचा अभ्यास त्याला वगळून करता येत नाही. दुसरे बंधू सीताराम केशव हेही लेखक होते. एका घरातून एक भाऊ भाषेचे नियम शोधायला निघाला आणि दुसरा तिला नवे बोलायला लावायला. स्मारकात मोरो केशवांना अधिक ठळक जागा मिळाली तर ते न्याय्यच होईल.

स्मारकाची हकीकत अलीकडची आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तिने हे काम अंगावर घेतले. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झाले. परिषदेने घर डागडुजी करून मूळ रूपात राखले आणि आवारात नवी वास्तू उभारली. तिथल्या दालनात आधुनिक मराठी कवींची छायाचित्रे आणि त्यांच्या कविता मांडल्या आहेत, ग्रंथालयही आहे. अंगणात केशवसुतांच्या कविता शिळांवर कोरलेल्या आहेत. त्या मनात वाचू नयेत, मोठ्याने म्हणाव्यात. आम्ही गेलो तेव्हा सहलीला आलेली शाळेची मुले ‘तुतारी’ एका सुरात म्हणत होती, आणि वृत्ताचा ठेका बरोबर पडत होता.

सगळे नीट पाहायला दीड-दोन तास लागतात. ऊन चढण्याआधी आले तर माजघर आणि अंगण दोन्ही निवांत मिळतात. तिथून गायवाडीचा किनारा चालत जाण्याजोगा आहे, आणि वाहन असेल तर पुढे जयगडचा किल्ला त्याच दिवशी पाहून होतो.