सांधा

वाचकहो, पैलवानांच्या कुस्त्या आपण पाहिल्या असतील. परंतु यंत्रांचीही कुस्ती असते, हे घरी प्रथम सांगितले तेव्हा आमच्या वडील मंडळींनी कपाळास हात लावला. १९९४ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी असे सामने भरले, आणि आपल्या मुंबईच्या आय. आय. टी.मधील टेकफेस्ट महोत्सवातही ते होत आले आहेत. त्यांची चलच्चित्रे पाहून आम्हां चौघां सोबत्यांस असा एक यंत्रमल्ल गोंदियात सिद्ध करण्याची हौस उत्पन्न झाली.

वजनाची मर्यादा दीड किलो. तेव्हा लोखंडी चिलखत अशक्यच होते. म्हणून भाजी चिरावयाच्या जाड, पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटाच्या फळ्या आम्ही कापिल्या. हे पॉलिइथिलीन नावाचे प्लास्टिक हलके असून घाव बसता फुटण्याऐवजी वाकते, हा त्याचा मोठा गुण. फळ्या डिंकाने जोडण्याचे काम आमच्यातील सर्वांत मितभाषी सोबत्याकडे आले. पहिल्याच तालमीत एक फळी उडून अंगणाच्या कडेस पडली. ‘तू कामात कसूर केलीस,’ असे आम्ही तिघे त्यास एकदम बोललो. तो निमूटपणे घरी गेला व पुढे आलाच नाही.

मग आम्ही स्वतः फळ्या घासून पुसून, दुप्पट डिंक लावून रात्रभर दाबून ठेविल्या. सकाळी हाताने ओढताच सांधा उकलला आणि डिंकाची पापडी अखंड सुटून आली! विज्ञानाच्या गुरुजींस विचारिता त्यांनी फळीवर पाण्याचा थेंब टाकिला. तो न पसरता मोत्यासारखा उभा राहिला. ‘जेथे पाणी पसरत नाही, तेथे साधा डिंकही पकड घेत नाही,’ ते म्हणाले. दोष हाताचा नव्हता, पदार्थाच्या स्वभावाचा होता. तो न ओळखता आम्ही माणसास बोल लाविला होता.

त्याच सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो व प्रथम क्षमा मागितली. तो क्षणभर थांबून एवढेच म्हणाला, ‘पाना आणला काय?’

ओसरीवर त्याची आई तडकलेली बादली तापल्या सुईने भोके पाडून तारेने शिवीत होती. आमची कथा ऐकून ती हसली. ‘अरे बाबांनो, बादलीला डिंक धरतो काय? तिला टाकाच घालावा लागतो.’ वडील धानाच्या गिरणीत फिटर. धान वर चढविणाऱ्या पट्ट्यावर जे डबे बसवितात, त्यांच्या बोल्टांची डोकी रुंद व चपटी असतात, एरवी पट्टा फाटतो, असे त्यांनी समजाविले.

त्यावरून नवी रीत ठरली. कोपऱ्यांत आतून त्याच प्लास्टिकचे ठोकळे, आरपार बोल्ट, दोहों बाजूंस रुंद वायसर, भोके काठापासून बरीच आत व बोल्टाहून किंचित मोठी, म्हणजे घाव बसता फळीस हलावयास जागा राहते. धक्क्यांनी सैल होऊ नयेत म्हणून नटही नायलॉनच्या कड्याचे घेतले.

पुढे झालेला सामना आम्ही हरलो, मोटारच जळाली. परंतु चिलखताची एकही फळी सुटली नाही, आणि हरून परतताना आम्ही चौघेही बरोबर होतो. बालमित्रहो, एखादा सांधा तुटला तर जोडणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी, जे जोडावयाचे त्याचा स्वभाव आधी पाहावा, एवढे आम्ही शिकलो.