बांजाच्या मुळाशी

कुमाऊं-गढवालच्या डोंगरांत साधारण १,५०० ते २,३०० मीटर उंचीवर वाढणारा बांज हा सदाहरित ओक असून, वाऱ्याने त्याची पाने उलटली की वरचा गडद हिरवा रंग लोपून खालची पांढुरकी लव उजळते आणि सारा उतार क्षणभर रुपेरी भासतो. त्याच्या वर मोरू, आणि वृक्षरेषेपर्यंत, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढत नाहीत त्या सीमेपर्यंत, खरसू अशी या ओकांची चढती वस्ती आहे.

बांजाचे थोरपण मात्र बुंध्यापाशी वाकून पाहिल्याशिवाय उमगत नाही. वरचा कोरडा पाचोळा बाजूला सारला की आधी जाळीदार शिरा तेवढ्या उरलेली पाने, मग बुरशीचे पांढरे धागे आणि त्याखाली भुसभुशीत, ओलसर काळी माती लागते. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी झाडाला पाणी व खनिजे पुरवते आणि मोबदल्यात त्याने बनवलेली साखर घेते. पानांवर, खोडावरच्या शेवाळावर आणि शेवटी या मऊ थरावर अडखळत उतरणारा पाऊस वाहून न जाता मुरतो. म्हणूनच पहाडी गावे आपल्या नौल्यांचे, म्हणजे झऱ्यावर बांधलेल्या दगडी कुंडांचे, पाणी बांजवनाशी जोडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव मोलाचा आहे.

इंग्रजी अमदानीत वनखात्याने राळ आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी चीड या पाइनला झुकते माप दिले. १९२१ साली कुमाऊंत वननिर्बंधांविरुद्धचा असंतोष भडकला, तेव्हा लोकांनी लावलेल्या आगींत मुख्यतः चीडचीच वने जळाली, कारण चारा, गुरांखालचा पाला, त्यातून होणारे खत आणि सरपण हे सारे गावाला बांज देत होता. दुर्दैवाने हीच जवळीक त्याला भोवते. फांद्या वारंवार छाटल्या गेल्या की फळे कमी धरतात आणि पाचोळा उचलून नेला की माती उघडी पडते.

बांजाची फळे हिवाळ्यात पिकतात. ती अस्वले व वानर खातात, तर ‘जे’ नावाच्या पक्ष्याने पुरून ठेवलेल्या फळांतील काही तशीच राहून रुजतात. खरसूचे फळ मात्र पावसाळ्यातच पिकते आणि त्याची रुजण्याची क्षमता इतकी अल्पजीवी असते की कधी कधी ते झाडावरच अंकुरते; गुरे वरच्या कुरणांकडे चरायला जातात तीही याच दिवसांत. अनेक खरसूवनांत त्यामुळे जुनी झाडे भरपूर, पण कोवळी रोपे विरळ दिसतात, आणि तेथे नव्या लागवडीआधी पावसाळ्यातील चराईला आवर घालणे अधिक निकडीचे आहे.