भरतीची वेळ

सृष्टीचा अढळ क्रम आणि सत्य ह्या दोहोंस वेदांनी 'ऋत' हे एकच नाव दिले. वरुण त्याचा राखणदार, व जलांचाही स्वामी. अंधेरीस मरोळच्या आमच्या घरी ह्या विषयावर एकदाच खरा वाद झाला, तो २६ जुलै २००५ च्या रात्री. सांताक्रुझला त्या वेळी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. घरात गुडघाभर पाणी. धाकटे बंधू कचेरीतून परतले नव्हते.

"देवाने शब्द पाळला नाही," मातोश्री म्हणाल्या.

आम्ही पंचांगाचा आधार घेऊन म्हणालो, समुद्राने तर तिथीप्रमाणे ठरल्या वेळीच भरती आणली; मिठी नदीचे पात्र भराव घालून अरुंद केले ते माणसांनी. भरतीपुढे तिचे पाणी माहीमच्या खाडीत उतरावे कसे? (युक्तिवाद बिनतोड होता, पण त्या रात्री तो करावयास नको होता.) मातोश्री काही बोलल्या नाहीत.

पहाटे आभाळ दाटलेलेच होते. सूर्योदयाची वेळ होताच त्यांनी त्या गढूळ पाण्यात उभे राहून, न दिसणाऱ्या सूर्यास नित्याप्रमाणे अर्घ्य दिले. बंधू दुपारी पायी परतले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.